एकतीस आणि एक

मी नगाऱ्यांची वही बोलतेय. बोलायची मला सवय नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या अकरा पानांत वाजवण्यापेक्षा गप्प बसण्याच्याच सूचना जास्त आहेत. पहिल्या व्हायोलिनच्या वहीला बोलतं केलंत तर ती तासभर थांबणार नाही. तिच्या पानांवर जागा सापडेल तिथे सूर कोंबलेले आहेत. माझ्याकडे एक आडवी रेघ, तिच्यावर एक आकडा. म्हणजे इतकं थांबा. मग चार ठोके. मग पुन्हा थांबा.

मोठ्या वाद्यवृंदात प्रत्येक वाद्याची वही वेगळी असते आणि तिच्यात फक्त त्या वाद्याचंच काम लिहिलेलं असतं. बाकीचे काय करतायत ते तिला माहीत नसतं. सगळ्यांचं सगळं एकाच जाडजूड वहीत असतं आणि ती असते छडीवाल्यासमोर, म्हणजे जो हातात छडी घेऊन सगळ्यांना चालवतो त्याच्यासमोर. त्यामुळे माझं जग लहान. उभ्या रेघांनी पाडलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात चार मात्रा. वादक त्याला बार म्हणतात. मी आपलं घर म्हणते. माझी बहुतेक घरं रिकामी आहेत आणि त्याची मला लाज वाटत नाही.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. ज्याने ही रचना केली तो लग्न न करता मोठ्या भावाच्या घरी वरच्या खोलीत राहायचा. तो लिहायचा आणि त्याच्या वहिनी प्रत्येक वाद्याची वही उतरवून काढायच्या. त्यांचं अक्षर सुरेख होतं आणि दुपारी टेबल मोकळं असायचं.

रचना म्हणजे एक फार जुनं स्तोत्र. शंभर गाणारे आणि साठ वाजवणारे मिळून म्हणणार. त्याची भाषा अशी की आता तिच्यात कुणी भांडत नाही, भाजीचा भाव विचारत नाही, फक्त देवाशी बोलतात. त्या काळात असल्या शब्दांना लावायचं संगीत म्हणजे डोळ्यांतून धारा. आधीच्या शंभर वर्षांनी तशी सवयच लावून ठेवली होती. याला त्याचा वीट आला होता. त्याने आणखी मागे जाऊन दोनशे वर्षांपूर्वीची बांधणी उचलली. एक आवाज शिरतो, दुसरा त्याचीच चाल घेऊन मागून येतो, मग तिसरा, सगळं मोजून मापून, भिंतीची वीट रचावी तसं. वर सूर मात्र आजचे, कोरडे, जरा टोचणारे. व्हायोलिनवाल्यांना बोट थरथरवायची बंदी. शेवटी कुठेही चाल मंद करायची नाही.

"भावजी," वहिनी एकदा म्हणाल्या, "देवाचं म्हणणं इतकं कोरडं का हो? थोडं गहिवरून आलं तर काय बिघडलं?"

"वहिनी, हे शब्द हजारो वर्षं लोकांनी म्हटलेत. ज्याचं त्याचं रडं त्यात आधीच आहे. माझं वेगळं कशाला घालू?"

"मग तुम्ही काय घातलंत?"

"मी फक्त जागा नीट केली."

वहिनींनी मान डोलावली. पटलं म्हणून नव्हे, दौत टोपणाशिवाय राहिली होती आणि शाई वाळत होती म्हणून.

सगळ्यात शेवटी त्यांनी मला लिहायला घेतलं. तोवर चाळीसएक वह्या उतरवून हात दुखत होता. आठव्या पानावर माझ्या वाट्याला लांब विश्रांती होती. अशा वेळी मोठ्या वहीतली घरं मोजायची आणि माझ्यात एकच आकडा टाकायचा. त्या बोट ठेवून मोजत होत्या. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस. तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. त्या पळाल्या. परत येऊन त्यांनी पान उलटलं आणि पुढच्या पानावर माझे ठोके सुरू होताना पाहून एकतीस असा आकडा टाकला. माझ्या मागच्या कव्हरावर दुधाच्या हाताचा डाग अजून आहे.

मोठ्या वहीतल्या आधीच्या पानाच्या अगदी टोकाला आणखी एक घर होतं. त्यात कुणालाच काही नव्हतं. गाणारे गप्प, वाजवणारे गप्प. वरपासून खालपर्यंत सगळं कोरं, त्यामुळे ते घर समासासारखंच दिसत होतं. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा मी एकतीस हा आकडा अंगावर घेऊन ऐटीत वाळत पडले होते.

पहिली तालीम एका रविवारी सकाळी झाली. थंडगार सभागृह, घडीच्या खुर्च्या, कोट न काढता बसलेले लोक. नगारे म्हणजे तांब्याची मोठाली गोल भांडी, वर कातडं ताणलेलं. ते वाजवणारे आमचे नगारेवाले तेव्हा तिशीचे होते. हात लांब, बोलणं कमी. ते वाकून कातडं कानाशी धरायचे, हलकेच टिचकी मारायचे आणि तोंडातल्या तोंडात गुणगुणून सूर जुळवायचे. मला स्टँडवर ठेवण्याआधी बाहीने स्टँड पुसायचे. माणूस कसा आहे ते मला अशा गोष्टींवरून कळतं.

त्यांचा अभिमान एकच होता, मोजणीचा. नगारेवाल्याचं निम्मं आयुष्य मोजण्यात जातं. डावा हात मांडीवर, एक घर झालं की एक बोट. शेजारी आग लागली तरी बोट चुकणार नाही.

आठवं पान आलं. गाणारे म्हणत होते, मी हाक मारतोय, कान दे. हाक मारून थकलो, कान दे. प्रत्येक वेळी खालच्या आवाजात, कमी वाद्यांवर. मग थांबले. आमच्या नगारेवाल्यांचं एकतिसावं बोट दुमडलं आणि त्यांनी चार ठोके दिले.

ठोके एकटेच ऐकू आले. साठ डोकी मागे वळली.

रचनाकार शेवटच्या रांगेत बसला होता. तो मधल्या वाटेने सावकाश खाली आला.

"त्या घरात काय लिहिलंय?"

"काही नाही," छडीवाला म्हणाला.

"मग काही नाही तेच वाजवा." आणि नगारेवाल्यांकडे बघून तो म्हणाला, "अहो, आत्ताच सगळ्यांनी मिळून कान दे म्हटलं. समोरच्याला ऐकायला चार मात्रा तरी द्याल की नाही?"

सगळे हसले. नगारेवाल्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग रचनाकाराने नियमच घालून दिला. त्या एका घरात छडीसुद्धा हलायची नाही. हात स्थिर. त्यानंतर नगाऱ्यांनी कुणाच्याही खुणेशिवाय आपणहून सुरू करायचं, चार हलके ठोके, आणि चौथ्यावर गाणाऱ्यांनी स्तुती उचलायची. म्हणजे दीडशे माणसं आता एका नगारेवाल्यावर अवलंबून.

वहीतला आकडा चुकला असेल असं त्यांच्या मनालाही शिवलं नाही. नगारे बेसूर आहेत म्हणा, ते हवा दमट आहे म्हणतील. ठोका जड पडला म्हणा, काठी नवी आहे म्हणतील. पण मोजणी चुकली म्हटलं की नगारेवाला मान खाली घालतो. त्यांनी ती चूक मुकाट्याने पदरात घेतली. दुसऱ्या वेळी एकतिसावं बोट दुमडल्यावर त्यांची पाचावर धारण बसली आणि हात हवेतच राहिला.

तेव्हा त्यांना मागून एक श्वास ऐकू आला.

नगाऱ्यांच्या अगदी मागे, नगारेवाल्याच्या पाठीला खेटून, खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांची रांग असते. त्यात जाड चष्म्याच्या एक बाई होत्या, तेव्हा पंचविशीच्या. दिवसा शाळेत गणित शिकवायच्या. स्तुतीचा पहिला सूर लांबलचक होता. आपल्याला तो पुरणार नाही या धास्तीने त्या सगळ्यांच्या आधीच, रिकाम्या घराच्या तिसऱ्या मात्रेवर, छाती भरून श्वास घ्यायच्या. तो हातभर अंतरावर ऐकू यायचा, त्यापलीकडे नाही. नगारेवाल्यांनी तो श्वास ऐकला, एक मात्रा सोडली आणि ठोका दिला. बरोबर पडला.

मध्यंतरात त्यांनी पेन्सिल काढली आणि एकतीसच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'चष्मा'. आकड्याला हात लावला नाही.

अशी अठ्ठावीस वर्षं गेली. दर दोन-तीन वर्षांनी मला कपाटातून काढायचे. मी माणसांचं पुष्कळ काही पाहिलं. लोक तासभर खोकत नाहीत आणि मधे जरा शांतता झाली की सगळे एकदम खोकतात. पहिल्या रांगेतले डोळे मिटून ऐकतात आणि त्यातले निम्मे झोपलेले असतात. स्तोत्रातला एकही शब्द न कळणारी माणसं बाहेर पडताना गप्प असतात, हे मात्र मी दर वेळी पाहिलं. पहिल्या तालमीनंतर नवव्या वर्षी रचनाकार गेला आणि दालनात त्याचा फोटो लागला. वहिनी दर कार्यक्रमाला यायच्या, बाजूच्या खुर्चीत बसायच्या आणि नंतर वादकांना विचारायच्या, "अक्षर लागतं ना माझं?"

"मोत्यासारखं आहे," नगारेवाले म्हणायचे. मनापासून म्हणायचे.

इकडे गायनमास्तर चष्मेवाल्या बाईंना अठ्ठावीस वर्षं एकच गोष्ट सांगत होते. "बाई, त्या शांततेत पंपासारखा श्वास घेऊ नका." बाई दर वेळी बरं म्हणायच्या आणि दर वेळी तसाच श्वास घ्यायच्या. नगारेवाले ब्र काढत नसत. त्यांची आणि बाईंची ओळख म्हणजे येता-जाता नमस्कार, एवढीच.

मग नगारेवाल्यांच्या कानांनी दगा दिला. मला ते त्यांच्या घरी कळलं. मी सरावाला जायचे तेव्हा खाण्याच्या टेबलावर पडलेली असायचे. किटली शिट्टी वाजवत होती.

"अहो, बंद करा की ती. तुमच्या हाताशी तर आहे," बायको आतून म्हणाली.

"काय बंद करू?"

बायकोने बाहेर येऊन किटली उतरवली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की जाड आवाज येतील, बारीक गेले. नगारे ऐकू येणार होते. श्वास येणार नव्हता.

त्यांनी हे वाद्यवृंदात कुणाला सांगितलं नाही. निवृत्तीला एकच कार्यक्रम उरला होता आणि तो नेमका आमच्याच स्तोत्राचा होता. पहिल्या दिवसाची ती फजिती पुन्हा होऊ न देता मान वर करून जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. बायकोला ते म्हणाले, "चार ठोके गं. तेवढे नीट पडले की सुटलो."

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी तालीम होती. आता छडी एका बाईंच्या हातात होती, चाळिशीच्या, कामाला चोख. आठवं पान आलं. नगारेवाले श्वासाची वाट पाहत होते. तो बाईंनी घेतला की नाही, त्यांना कळलंच नाही. शेवटी भरवसा बोटांवर. एकतीस, आणि ठोका. तो थेट शांततेत पडला.

"हरकत नाही, पुन्हा," छडीवाल्या बाई म्हणाल्या.

पुन्हा एकतीस, पुन्हा शांततेत. तिसऱ्यांदाही तेच. कुणी हसलं नाही, आणि ते पहिल्या दिवसाच्या हसण्यापेक्षा वाईट होतं.

तालीम संपल्यावर छडीवाल्या बाई त्यांच्याजवळ आल्या. आवाज हळू होता, म्हणून त्यांना दोनदा सांगावं लागलं. "राग मानू नका. उद्या दुपारपर्यंत मला कळवा. वाटलं तर मी दुसऱ्या कुणाला बोलावते. निरोपाचा हार तुम्हालाच."

त्या गेल्या. नगारेवाले नगाऱ्यांवर कापड घालत राहिले. घातलेलं कापड काढून पुन्हा घातलं. मला मिटायला त्यांचा हात होईना. मला वाईट वाटलं, हे मी मान्य करते. इतकी वर्षं कोरडं राहायची शिकवण असूनही वाटलं.

तेवढ्यात मागून चष्मेवाल्या बाई खाली उतरल्या. केस पिकलेले, चष्मा आणखी जाड.

"आज घाई का करत होतात हो? इतक्या वर्षांत तुम्ही कधी चुकला नाहीत."

"अं?"

त्यांनी मोठ्याने पुन्हा विचारलं. नगारेवाल्यांनी कापडाची घडी सारखी केली. बाईंची नजर माझ्यावर गेली. शिक्षिकेची नजर, पेन्सिलीने लिहिलेलं सोडत नाही.

"हे 'चष्मा' काय आहे?"

नगारेवाले इतके लाजले की तीस वर्षांनी लहान दिसले. "तुम्ही."

"मी?"

"तुम्ही इथे श्वास घेता. तिसऱ्या मात्रेला. तो ऐकून मी सुरू करतो. नेहमीच. आता..." त्यांनी कानाकडे बोट केलं. "आता तो येत नाही."

बाई खुर्चीवर बसल्या. "अहो, त्या श्वासावरून मास्तर माझा जीव खातायत. अठ्ठावीस वर्षं! आणि तुम्ही एकदाही बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही मुद्दाम घेतला असता. मुद्दाम घेतलेला मागेपुढे होतो."

बाई यावर हसल्या आणि हसता हसता चष्मा काढून पुसायला लागल्या. मग म्हणाल्या, "पण श्वास कशाला हवा? मोजता ना तुम्ही?"

"मोजतो. माझी मोजणीच चुकते. पहिल्या दिवसापासून."

"सारखीच चुकते?"

"एका घराने. दर वेळी. पण वहीत एकतीस लिहिलंय, त्यापुढे मोजायची छाती होत नाही."

"सारखी एकानेच चुकत असेल तर ती तुमची चूक नव्हे," गणिताच्या बाई म्हणाल्या. "ती फळ्यावरची चूक."

त्यांनी आपली गाण्याची वही उघडली. तिच्यात गाणाऱ्यांची सगळी घरं एकेक करून छापलेली होती. त्यांनी बोट ठेवलं, नगारेवाल्यांनी मांडीवर बोटं दुमडली आणि दोघं मोठ्याने मोजू लागले. एकतीसला गाणं संपलं. बाईंचं बोट आणखी एका घरावर गेलं. कोऱ्या.

"बत्तीस," त्या म्हणाल्या.

नगारेवाल्यांनी माझ्यावरचा आकडा पाहिला. मग पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा बत्तीस. त्यांनी मला दोन्ही हातांत उचललं. आता आपण टराटरा फाटणार असं मला वाटलं, आणि त्यात अन्याय झाला असता असंही नाही. इतकी वर्षं या माणसाने माझी चूक आपली म्हणून सांभाळली होती.

"म्हणजे त्या दिवशी मी चुकलो नव्हतो," ते म्हणाले.

"एकदाही नाही."

त्यांनी खिशातून खोडरबर काढला, एकतीसवर टेकवला आणि पुन्हा खिशात ठेवला. "वहिनींना कळलं तर जिवाला लावून घेतील. अजून येतात त्या." मग पेन्सिलीने आकड्यापुढे लिहिलं, 'आणि एक'.

कार्यक्रमाच्या दिवशी वहिनी आल्या, हातात काठी घेऊन. सभागृह भरलेलं होतं. आठव्या पानावर मी नगारेवाल्यांच्या मांडीकडे पाहत होते. एकतिसावं बोट दुमडलं. छडीवाल्या बाईंचे हात स्थिर झाले. कान दे म्हणून झालं होतं आणि आता कुणी काहीच करत नव्हतं. तिसऱ्या मात्रेवर मागून श्वास आला, पंपासारखा, आणि त्याच्याबरोबर बाईंनी पाय दाबला असावा, कारण मागच्या लाकडी पायरीची फळी नगारेवाल्यांच्या स्टुलाखालपर्यंत येते आणि ती हलली. माझा स्टँडही हलला. मग चार ठोके पडले, हलके, कोरडे, जिथे पडायचे तिथे. चौथ्यावर शंभर जणांनी स्तुती उचलली.

ते बोटांवर सुरू झाले की फळीवर, हे मला सांगता येणार नाही. त्यांनी घरी जाऊन बायकोला एवढंच सांगितलं, "पडले."

पुढचं थोडक्यात सांगते. वहिनी गेल्या. दोन वर्षांनी चष्मेवाल्या बाईही गेल्या. रांगेतल्या इतर बायकांनी सरकून जागा भरून घेतली. मग वाजवणाऱ्यांसाठीही छापील वह्या आल्या, पांढऱ्याशुभ्र, आणि त्यांत आठव्या पानावर बत्तीस. आता नगारे एक तरुण बाई वाजवते. तिची वही इतकी पातळ आहे की स्टँडवर वाकते, म्हणून तिने मला टेकू म्हणून मागे ठेवलं आहे. ठेवण्याआधी तिने मला चाळलं आणि आठव्या पानावर तिच्या कपाळाला आठी पडली.

तालमीत ते रिकामं घर आलं तेव्हा तिने दचकून मान वळवली, मग सावरून ठोके दिले. मध्यंतरात ती मागच्या रांगेला म्हणाली, "तुमच्यात चष्मा कोण?"

रांगेतल्या पाच जणींना चष्मा होता. त्यांच्यातली सगळ्यात जुनी म्हणाली, "ती गेली गं. का?"

"मग तिसऱ्या मात्रेला श्वास कोण घेतं? केवढा मोठा येतो!"

"आम्ही सगळ्याच," ती जुनी म्हणाली. "तिच्या शेजारी उभं राहून तसाच लागला. मास्तर ओरडतात."

"ओरडू देत," ती म्हणाली आणि आपल्या कोऱ्या वहीत बत्तीसच्या शेजारी पेन्सिलीने तो शब्द लिहून घेतला.

आमचे नगारेवाले अजून येतात. वहिनी बसायच्या त्याच बाजूच्या खुर्चीत बसतात. श्वास त्यांना ऐकू येत नाही. व्हायोलिनंही बहुधा निम्मीच येत असतील. मी नव्या वहीच्या मागे असते, मला पुढचं काही दिसत नाही, पण कडेने त्यांची मांडी दिसते आणि तिच्यावरचा डावा हात. माझं कुणाकडे काही मागणं नाही. एवढंच की तिथे आलात तर त्या चार मात्रा खोकू नका. आम्ही दोघं तेव्हा मोजत असतो. एकतीस. आणि एक.